ईयोबाचे मित्र : निष्पापाचे दुःख आणि ईश्वराचे मौन

बायबल हा बोलणाऱ्या देवाचा ग्रंथ आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात सृष्टी शब्दाने निर्माण होते. पुढे अब्राहामाशी, मोशेशी आणि संदेष्ट्यांशी देव बोलत राहतो. ही समजूत चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. याच ग्रंथाचा एक मोठा भाग ज्यांनी हाक मारली आणि ज्यांना उत्तर मिळाले नाही, अशा माणसांच्या शब्दांनी भरलेला आहे. ईयोबाचे पुस्तक, स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रे, यरुशलेमच्या विध्वंसानंतरची विलापगीते, हबक्कूक आणि यिर्मया या संदेष्ट्यांच्या तक्रारी आणि अखेरीस वधस्तंभावरील येशूचा आक्रोश, अशी ही परंपरा आहे. देवाच्या मौनाची नोंद देवाच्याच ग्रंथात इतक्या निःसंकोचपणे व्हावी, ही धर्मवाङ्मयाच्या इतिहासातील एक लक्षणीय गोष्ट मानली पाहिजे.

या वाङ्मयाचे विवेचन बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहे : ईश्वर न्यायी आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर निष्पाप माणूस का भोगतो? लाइब्निझने १७१० साली या प्रश्नाला स्वतंत्र ग्रंथ वाहिला, आणि तेव्हापासून ईश्वराच्या न्यायीपणाचे समर्थन हा तत्त्वज्ञानाचा एक विभागच होऊन बसला. तथापि ईयोबाचे पुस्तक सावकाश वाचले असता एक निराळीच गोष्ट दिसू लागते. या पुस्तकात देवाचे मौन जितके आहे, त्याहून कितीतरी अधिक जागा ते मौन भरून काढणाऱ्या माणसांच्या बोलण्याने व्यापली आहे. पुस्तकाच्या शेवटी दोषी ठरते तेही हे बोलणेच. दुःखाचे कारण काय, यापेक्षा दुसऱ्याच्या दुःखाचे कारण सांगण्याचा अधिकार कोणाला, हा या वाङ्मयाचा अधिक खोल प्रश्न आहे. आणि मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे काहीच कारण नाही.

प्रथम पुस्तकाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. त्याचे ४२ अध्याय आहेत. पहिले दोन अध्याय आणि शेवटच्या अध्यायाचा उत्तरार्ध गद्यात आहे. मधला सर्व भाग पद्यात. ऊस देशातील ईयोब हा सात्त्विक व सरळ गृहस्थ. त्याला सात मुलगे, तीन मुली, ७ हजार मेंढरे, ३ हजार उंट. स्वर्गातील दरबारात आरोपकर्ता शंका काढतो की ही भक्ती फुकटची नाही. संपत्ती काढून घेतली तर ती टिकणार नाही. येथील सैतान हा पुढील काळातील दुष्टशक्तींचा अधिपती नसून दरबारातील एक आरोप करणारा अधिकारी आहे, हे हिब्रू शब्दामागे लागलेल्या उपपदावरून अभ्यासकांनी दाखविले आहे. परवानगी मिळते. एकाच दिवसात गुरे लुटली जातात, चाकर मारले जातात आणि थोरल्या भावाच्या घरी जेवावयास बसलेल्या दहाही मुलांवर वादळाने घर कोसळते. पुढे ईयोबाच्या सर्वांगावर गळवे उठतात आणि तो राखेत बसतो.

वाचकाला हा दरबार दिसतो, ईयोबाला तो कधीही दिसत नाही. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर यांनाही तो ठाऊक नाही. हे तिघे दुरून येतात, मित्राला ओळखता येत नाही म्हणून रडतात, वस्त्रे फाडतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्दही बोलत नाहीत. संपूर्ण पुस्तकात त्यांचे वर्तन निर्दोष असे एवढेच सात दिवस आहे. आठव्या दिवशी ईयोब तोंड उघडून आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि मित्रांना बोलणे भाग पडते.

ते जे बोलतात ते मूर्खपणाचे नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यांची भाषा प्रौढ आहे, त्यांच्या म्हणण्याला परंपरेचा आधार आहे. धार्मिकाला सुफळ आणि दुष्टाला दंड, हा सिद्धान्त अनुवादाच्या २८ व्या अध्यायात आशीर्वाद व शापांच्या दीर्घ यादीने मांडलेला आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकाचा तो पाया आहे. समाज नीतीने चालावयाचा तर या सिद्धान्ताची गरजही असते. मित्रांची चूक सिद्धान्त मानण्यात नाही, तो उलटा चालविण्यात आहे. पापाला दुःख हे फळ येते, असे म्हणणे एक. आणि समोर दुःख दिसते तेव्हा मागे पाप असलेच पाहिजे, असे म्हणणे अगदी वेगळे. पहिल्या विधानाने माणूस स्वतःला आवरतो, दुसऱ्याने तो शेजाऱ्यावर खटला भरतो.

या उलट्या तर्काची परिणती २२ व्या अध्यायात दिसते. आरंभी सौम्यपणे बोलणारा अलीफज येथे ईयोबाच्या पापांची यादीच देतो : गरिबांची वस्त्रे गहाण म्हणून ओढून घेतली, तहानेल्यास पाणी दिले नाही, विधवांना रिक्त हस्ते परत पाठविले. यांतले एकही कृत्य त्याने पाहिलेले नाही आणि पुस्तकात अन्यत्र त्याला कसलाही आधार नाही. ही पापे सिद्धान्ताने निर्माण केली आहेत. निष्कर्ष आधी ठरला असल्याने पुरावा नंतर घडविला गेला. मित्राच्या सांत्वनासाठी आलेला माणूस त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ लागतो, ती दुष्ट बुद्धीने नव्हे तर देवाचा पक्ष घेण्याच्या हौसेने.

ईयोब आपण सर्वथा निष्कलंक असल्याचा दावा करीत नाही. त्याचे म्हणणे असे की, झालेली शिक्षा कोणत्याही अपराधाच्या प्रमाणात नाही, आणि आरोपपत्र दाखविल्याशिवाय शिक्षा मान्य करणे हे असत्याला मान डोलावणे होय. ३१ व्या अध्यायात तो शपथेवर आपल्या आयुष्याचा झाडा देतो आणि जणू सहीनिशी न्यायालयात सादर करतो. त्यानंतरही देव बोलत नाही. मध्येच अलीहू नावाचा तरुण सहा अध्याय बोलून जातो. हा भाग मागाहून जोडलेला असावा, असे अनेक विद्वानांचे मत आहे. मौन जितके लांबते, तितके ते भरून काढणारे वाढत जातात.

अखेर ३८ व्या अध्यायात वावटळीतून देव बोलतो, आणि त्याचे बोलणे हेही एका अर्थाने मौनच आहे. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, येथपासून रानबकऱ्या, शहामृग, घोडा, गरुड आणि लिव्याथान येथपर्यंत प्रश्नांमागून प्रश्न येतात. ईयोबाच्या मुलांचा त्यात उल्लेख नाही, गळव्यांचा नाही आणि स्वर्गातील त्या पैजेचाही नाही. अनेक आधुनिक वाचकांना या भाषणात सत्तेचे प्रदर्शन दिसले आहे. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. दहा मुले गमावलेल्या बापाला शहामृगाच्या पंखांविषयी विचारणे क्रूर वाटू शकते. मात्र या भाषणात जे नाही तेही पाहिले पाहिजे. तू पाप केलेस म्हणून तुला हे भोगावे लागले, असे देव एकदाही म्हणत नाही. मित्रांनी देवाच्या तोंडी जे घातले होते, ते देव उच्चारीत नाही.

आणि मग निकाल येतो. ४२ व्या अध्यायाच्या सातव्या वचनात देव अलीफजावर रागावतो : तो आणि त्याचे दोघे सोबती योग्य ते बोलले नाहीत, ईयोब बोलला. ज्याने देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा केली तो योग्य ठरतो. ज्यांनी प्रत्येक वाक्यात देवाचे समर्थन केले ते अपराधी ठरतात, आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केल्याखेरीज त्यांची सुटका नाही. येथे मूळ हिब्रूतील एक बारकावा उद्बोधक आहे. भाषांतरांतून साधारणपणे ‘माझ्याविषयी’ असा अर्थ घेतला जातो, तेथील ‘एलाय’ या शब्दाचा नेहमीचा अर्थ ‘माझ्याशी’ असा आहे. तो अर्थ घेतला तर निकाल अधिकच स्पष्ट होतो. तिघे मित्र पुस्तकभर देवाविषयी बोलले. देवाशी बोलला तो एकटा ईयोब. अशीच संदिग्धता ईयोबाच्या शेवटच्या वाक्यातही आहे. तेथील ‘निहम्ती’ या क्रियापदाचा अर्थ पश्चात्ताप पावलो असा होतो, तसाच समाधान पावलो असाही होतो. पुस्तकाच्या कर्त्याने या दोन अर्थांत निवड केली नाही. ती प्रत्येक भाषांतरकाराला करावी लागली.

उपसंहारात ईयोबाला गुरेढोरे दुप्पट मिळतात : मेंढरे १४ हजार, उंट ६ हजार. मुले मात्र पूर्वीइतकीच, सात आणि तीन. पहिली दहा परत येत नाहीत आणि येतील असे पुस्तक म्हणतही नाही. गद्यातला हा सुखान्त जितका वरवर वाटतो तितका तो नाही.

ईयोब हा या वाङ्मयातील अपवाद असता तर त्यावर एवढा भार टाकणे योग्य झाले नसते. परंतु १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक शेवटी विश्वासाकडे वळतात. ८८ वे स्तोत्र वळत नाही, त्याचा शेवट अंधारात होतो. ४४ व्या स्तोत्रात संपूर्ण समाज सांगतो की आम्ही करार मोडला नाही, तरी आमची कत्तल होत आहे. आणि देवाला झोपेतून जागे होण्यास सांगतो. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यावर रचलेल्या पाच विलापगीतांत प्रजेच्या पापाची कबुली आहे. परंतु रस्त्यात अन्न मागणाऱ्या बालकांचे चित्र येते तेथे ती कबुली अपुरी पडते. पाचही गीतांत देव उत्तर देण्यास पुढे होत नाही. त्यांतली चार गीते हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. आक्रोशाला असा काटेकोर बांध घालावा लागला, यावरून तो किती अनावर होता याची कल्पना येते.

ही विलापगीते मराठी भाषकांच्या जीवनापासून वाटतात तितकी दूर नाहीत. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाचा, आब महिन्याच्या नवमीचा उपवास त्यांच्यात ‘बिरड्याचा सण’ या नावाने ओळखला जाई. उपवासाच्या संदर्भात होणाऱ्या वालाच्या बिरड्यावरून हे नाव पडले. जगभरच्या यहुदी समाजात याच दिवशी विलापगीते वाचली जातात. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या बेने इस्राएल कुटुंबांनी ही परंपरा आपल्याबरोबर आणली, आणि हुमायून मार्गावर १९५६ साली उभे राहिलेले जूडाह हयाम सिनेगॉग हे तिचे राजधानीतील स्थान आहे. वालाची उसळ आणि यरुशलेमचा विध्वंस ज्या घरात एकत्र नांदले, त्या घराची भाषा मराठी होती.

नव्या करारातही हाच धागा पुढे जातो. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांध माणसाला पाहून विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? जन्मांधाचे स्वतःचे पाप म्हणजे जन्मापूर्वीचे पाप. भारतीय वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा माणसांचा विषय निघतो, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून तो स्वतःच नाही म्हणतो आणि ऐकणाऱ्यांनी स्वतःकडे पाहावे असे बजावतो. मार्क आणि मत्तय यांच्या वृत्तान्तानुसार त्याच्या स्वतःच्या मरणाच्या वेळी त्याच्या मुखी २२ व्या स्तोत्राचा आरंभ येतो : देवाने आपल्याला का टाकले, हा प्रश्न. लूक आणि योहान यांनी ते शब्द घेतलेले नाहीत. वधस्तंभावर या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. पुनरुत्थानाची घटना श्रद्धावंताच्या दृष्टीने त्यानंतर येते. परंतु तिच्याकडे घाईने जाणारे विवेचन शुक्रवारच्या मौनाला न्याय देत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात सर्वांत तीव्रतेने उभा राहिला, त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करीत दक्षिणेत हिंडत राहिले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांचा आधार तुटला. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी सांगितले आहे की जवळचे होते ते दानधर्मात, व्रतांत आणि देवपूजेत खर्च झाले, देवाचा कौल मिळेल म्हणून वाट पाहण्यात दिवस गेले, आणि कौल मिळाला नाही. शेवटी रानातील पाने खाऊन राहण्याची वेळ आली. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. १८७४ साली वडील गेले, थोड्याच काळात आई गेली आणि मागोमाग थोरली बहीण. ज्या कुटुंबाने धर्माचे नियम काटेकोरपणे पाळले, त्याच कुटुंबाची ही गत झाली. ऊस देशाच्या कथेत जे रचलेले आहे ते येथे घडलेले आहे.

या अनुभवाचा उपयोग पुढे दोन्ही बाजूंनी वादासाठी झाला. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर मिशनरी लेखनात या दुष्काळाकडे मूर्तींच्या निष्फळतेचा दाखला म्हणून पाहिले गेले, आणि रमाबाईंचा स्वतःचा सूरही पुष्कळदा तसाच आहे. विरोधकांनी त्यांच्या आपत्तींत स्वधर्मत्यागाचे फळ पाहिले. हे दोन्ही युक्तिवाद अलीफजाचे आहेत. देव बोलला नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत असेल, तर रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात ज्या ग्रंथाला वाहून घेतले, त्या ग्रंथातील देवही ८८ व्या स्तोत्रात, विलापगीतांत आणि वधस्तंभाजवळ बोललेला नाही. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणले. हे काम करताना ईयोबाचे ४२ अध्याय शब्दशः त्यांच्या हाताखालून गेले. १९२१ साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. मौनाचा प्रश्न धर्मांतराने सुटतो, असे या चरित्रावरून म्हणता येत नाही. तो एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात त्यांच्याबरोबर गेला.

त्यांच्या चरित्रात जे खरोखर बदललेले दिसते ते निराळे आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. या मुलींच्या उपासमारीचे धार्मिक कारण शोधण्याआधी त्यांना अन्न, वस्त्र, अक्षरओळख आणि हाताला काम मिळाले. त्यांच्यापुढे नवा धर्मही ठेवला गेला, हे खरे आणि त्याबद्दल मतभेद असणार. पण दुष्काळात देवाच्या कौलाची वाट पाहत बसलेल्या कुटुंबातील मुलीने दुसऱ्या दुष्काळात कौलाची वाट पाहिली नाही, हे निर्विवाद आहे.

कर्मसिद्धान्ताकडे या दृष्टीने पाहिले तर त्यातही मित्र आणि ईयोब दोघेही आढळतात. चोखामेळ्याच्या काही अभंगांत आपला हीन मानला गेलेला जन्म पूर्वकर्माचे फळ म्हणून स्वीकारण्याचा सूर आहे. इतर काही अभंगांत थेट विठ्ठलाला जाब विचारलेला आहे, आणि त्याचा मुलगा कर्ममेळा तर अधिक तिखटपणे विचारतो. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा इतर मजुरांसह गाडला गेला, असे परंपरा सांगते. पूर्वजन्मीच्या पापाने तो त्या भिंतीखाली सापडला, असे म्हणणारा एखादा शास्त्री त्या काळी असलाच पाहिजे. परंपरेने मात्र त्या शास्त्र्याला लक्षात ठेवले नाही. ढिगाऱ्यातून अस्थी वेचून पंढरपुरास नेणाऱ्या नामदेवाला लक्षात ठेवले.

येथे एक शंका उपस्थित होईल. दुःखाला अर्थ देण्याचा सर्वच प्रयत्न निषिद्ध मानला, तर धर्माला आणि साहित्याला बोलण्यासारखे काय उरते? याचे उत्तर तुकारामांच्या चरित्रात सापडते. १६३० च्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले, व्यापार बुडाला. या आपत्तीने आपल्याला देवाकडे वळविले म्हणून ती बरीच झाली, अशा आशयाचा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. तुकारामांच्या मुखी हे उद्गार म्हणजे एका माणसाने आपल्या राखेतून वेचून काढलेला अर्थ होय. तेच वाक्य देहूच्या एखाद्या सुखवस्तू शेजाऱ्याने, रखुमाबाईची चिता विझण्यापूर्वी, त्यांना ऐकविले असते तर? शब्द तेच राहिले असते आणि ते निर्दय ठरले असते. दुःखाचा अर्थ भोगणाऱ्याने लावावा. पाहणाऱ्याने तो लावला की त्याचा आरोप होतो. ईयोबाच्या पुस्तकातील निकालाचे मर्म हेच आहे.

हा नियम थोरांनाही लागू पडतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप होऊन हजारो माणसे मेली. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला हा दंड आहे, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. अस्पृश्यतेविरुद्धच्या त्यांच्या लढ्याचे चाहते असलेल्या रवींद्रनाथांनी लेखी प्रतिवाद केला आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापला. निसर्गातील उत्पाताला नैतिक कारण जोडणे त्यांना अमान्य होते. शिवाय हाच तर्क सनातन्यांनी उलटवून गांधीजींच्या सुधारणेलाच भूकंपाचे कारण ठरविले असते, हेही त्यांनी दाखविले. गांधीजींचा हेतू शुद्ध होता, ध्येय न्याय्य होते आणि ते पाप आपलेही मानत होते. अलीफजाशी त्यांची तुलना तेवढ्यापुरती थांबते. तरीही बिहारच्या ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही गाडले गेले होते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच त्या अन्यायाच्या शिक्षेत मरावे लागले, असा या विधानाचा अर्थ होतो. उत्तम कार्यासाठी केलेला असला तरी परदुःखाचा असा उपयोग न्यायाचा ठरत नाही.

कारणे शोधूच नयेत, असे यातून मुळीच निघत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला तेव्हा प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर देवळे कोसळली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असताना, किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे मेली. या दोन्ही ठिकाणी भक्तीचा दिवस आणि मरणाचा दिवस लगत आले, यातून देवाविषयी काहीही सिद्ध होत नाही. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी यांनी किल्लारीच्या माणसांचे प्राण घेतले, हे मात्र सिद्ध होते, आणि ते सांगणे आवश्यक असते; कारण त्यातून पुढचे घर वेगळे बांधता येते. अलीफजही कारणच शोधीत होता. परंतु त्याने ते घराच्या भिंतीत न शोधता मेलेल्यांच्या बापात शोधले. कारणमीमांसेची दिशा भोगणाऱ्याकडे वळली की ती क्रूर होते. भिंतीकडे, धान्याच्या भावाकडे, सत्तेकडे आणि गावकुसाकडे वळली की ती उपयोगी पडते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात बायबलच्या भाषांतरांना गद्याच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून स्थान मिळते आणि बहुधा तेथेच विषय संपतो. रमाबाईंच्या भाषांतराकडे तर धर्मप्रसाराचे साधन म्हणूनच पाहण्याची प्रवृत्ती दिसते. दुष्काळात आईबाप गमावलेल्या एका विदुषीने ईयोबाचे आणि त्याच्या मित्रांचे बोलणे कोणत्या मराठीत आणले, ‘निहम्ती’सारख्या शब्दापाशी तिने काय निवडले, अभंगांतील जाब विचारण्याची भाषा तिच्या ओळींत कोठे डोकावते आणि कोठे ती जाणूनबुजून टाळली आहे, हे प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचे आहेत. त्यांचा पाठपुरावा करण्यास ख्रिस्ती असण्याची गरज नाही आणि ख्रिस्ती नसण्याचीही नाही. विद्यापीठांतील मराठी विभागांनी हे काम हाती घेण्यासारखे आहे. अभंग आणि स्तोत्र शेजारी ठेवून वाचण्याची सोय तुलनात्मक साहित्याच्या वर्गाइतकी अन्यत्र क्वचितच असते.

देव का बोलला नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या अभ्यासातून मिळणार नाही. ते ईयोबालाही मिळाले नाही. मिळाली ती एक मर्यादा. यहुदी परंपरेने ती आचारात उतरविली आहे. घरात मृत्यू झाला की सात दिवस शोकाचे पाळावयाचे, आणि भेटीस आलेल्याने शोक करणारा बोलेपर्यंत आपण होऊन बोलावयाचे नाही. या संकेताचा आधार ताल्मुदने ईयोबाच्या मित्रांच्या त्या पहिल्या सात दिवसांतच शोधला आहे. ज्या मित्रांना पुस्तकाने अखेरीस दोषी ठरविले, त्यांच्याच वर्तनातील जेवढे चांगले होते तेवढे त्या समाजाने उचलले, आणि त्यांची भाषणे पुस्तकातच राहू दिली.